मागच्या फळीवरचा माणूस

त्याला सगळे 'मागचा' म्हणत. मका पेरायचं सहा नळ्यांचं यंत्र ट्रॅक्टरच्या मागे जोडलेलं असे आणि त्या यंत्राच्याही मागे हातभर रुंदीची एक फळी होती. त्या फळीवर पाय रोवून, एका हाताने दांडा धरून, मान खाली घालून तो सव्वीस हंगाम उभा राहिला. ट्रॅक्टर चालवायचा त्याचा थोरला भाऊ. तो अर्थातच 'पुढचा'. बियाण्याच्या त्या मोठ्या शेतावर चाळीसेक माणसं कामाला होती, पण जोडी म्हणावी अशी ही एकच. गोदामातला हमाल म्हणायचा, "पुढच्याला रस्ता दिसतो, मागच्याला दाणा दिसतो, आणि धुळीत हे दोघंही कुणाला दिसत नाहीत."

काम सांगायला सोपं होतं. प्रत्येक नळीतून एका वेळी एकच दाणा पडायला हवा, दोन दाण्यांत एक वीत अंतर हवं, आणि दाणा दोन बोटं खोल जायला हवा. दोन दाणे एकाच जागी पडले तर रोपं एकमेकांच्या उरावर बसतात. एकही पडला नाही तर तेवढी जागा वर्षभर बोडकी राहते. शेतातली माणसं त्याला नांगा पडला म्हणतात. मागच्याने सहाही नळ्यांवर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवायची आणि नळी तुंबली की हातातल्या लोखंडी पाइपाने सांगाड्यावर ठोकायचं. एक ठोका म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. एवढ्या बोलण्यावर दोघा भावांचे दिवसचे दिवस निघत.

वडील गेले तेव्हा तो अकरा वर्षांचा होता आणि दादा एकोणीसचा. दादानेच त्याला वाढवलं. दादाने त्याला पहिले बूट घेतले, दादाने सायकल शिकवली, दादानेच मुलगी पाहून लग्नाची बोलणी केली. घर बांधलं तेही दादाच्या भिंतीला भिंत लावून. एका घरात फोडणी पडली की दुसऱ्या घरात ठसका लागायचा. दादाचा शब्द त्याने कधी खाली पडू दिला नव्हता, आणि दादानेही चार लोकांत कुणाला त्याला कधी उणं बोलू दिलं नव्हतं. निदान त्या वर्षापर्यंत.

त्या वर्षी नदीकडच्या शेतात पेरणी चालू होती. जमीन ओलसर, चिकट. तिसऱ्या नळीच्या तोंडाशी माती बसली. त्याने ठोकलं. ट्रॅक्टर थांबला नाही. पुन्हा ठोकलं, चार वेळा ठोकलं. ट्रॅक्टर शेताच्या टोकाला जाऊनच थांबला. त्याने उतरून नळी साफ केली, पुढे जाऊन दादाला सांगितलं, "तिसरी ओळ रिकामी गेली आहे. परत जाऊन पेरायला हवी." दादाने मान हलवली आणि गाडी पुढच्या ओळींना लावली. त्याला वाटलं, दादाच्या मनात शेवटी एकदमच भरून घ्यायचं असेल. दिवसभरात असं तीनदा झालं. तीनदा त्याने सांगितलं, तीनदा दादाने मान हलवली.

आठ-दहा दिवसांनी मका उगवला, आणि हिरव्या शेतात भांग पाडल्यासारख्या तीन लांबच लांब रिकाम्या रेघा दिसायला लागल्या. मालकांनी सगळ्यांना बांधावर बोलावलं.

"हे कसं झालं?" मालकांनी विचारलं.

दादा मालकांच्या तोंडाकडे एकटक बघत होता. मग म्हणाला, "हा मागे झोपला असेल."

तो पुढे झाला. "झोपलो? दादा, मी ठोकलं! चार-चार वेळा ठोकलं. तू थांबला नाहीस. तुला येऊन सांगितलं, तू मान हलवलीस!"

दादाने तोंड फिरवलं. कुणीतरी मागून म्हणालं, "फळीवर उभ्या उभ्या झोपायचं म्हणजे कसबच की." हशा पिकला. सव्वीस हंगामांत ज्याने धुळीत डोळा मिटला नव्हता, त्याला त्या हशाने असं काही लागलं की घरी येऊन त्याने बायकोला एवढंच सांगितलं, "आजपासून मी त्याच्याशी बोलणार नाही." आणि खरंच बोलला नाही. मधली भिंत तीच होती, बायकांच्या वाट्या-डबे इकडून तिकडे जातच होते, पण दोन भाऊ एकमेकांसमोरून परक्यासारखे जायला लागले.

पुढच्या हंगामाआधी मालकांनी यंत्रावर कॅमेरे बसवायचं ठरवलं. यंत्रशाळेत एक तंत्रज्ञ बाई आली. तिशीची असेल, बारीक चणीची, खिशात कायम स्क्रू. शेतावरच्या माणसांनी दुसऱ्याच दिवशी तिचं नाव 'कॅमेरावाली' ठेवलं. तिने पहिलं काम केलं ते मागची फळी काढायचं. चार बोल्ट, पाच मिनिटं. फळी भिंतीला टेकवून ठेवली, तेव्हा तिच्यावर त्याच्या पायांचे दोन खोलगट गुळगुळीत ठसे दिसत होते. तो बघत उभा होता.

"काका, ही तुमची का?" तिने विचारलं.

"माझी कसली? यंत्राची," तो म्हणाला.

तिने प्रत्येक नळीच्या मागे एकेक कॅमेरा बसवला. दाणा मातीत पडल्यापासून त्यावर माती ओढली जाईपर्यंतच्या निमिषात कॅमेरा त्याचा फोटो काढायचा, आणि यंत्रच ठरवायचं की दाणा एक आहे, दोन आहेत, की नाहीच. अंतर किती, खोली किती. ड्रायव्हरच्या समोर एक स्क्रीन होती. सगळं ठीक असलं की सहा हिरव्या पट्ट्या, चुकलं की ती पट्टी लाल आणि वर पीं-पीं असा आवाज.

पण पहिल्या चाचणीत यंत्राने ढेकळांनाच दाणे समजून मोजलं. कॅमेरावाली दोन दिवस डोकं धरून बसली. शेवटी मागचाच तिच्याजवळ जाऊन उकिडवा बसला. "ताई, दिवा वरून पाडू नका. तिरपा पाडा, जमिनीलगत. मी सकाळी सगळ्यात छान बघायचो आणि भर दुपारी सगळ्यात वाईट. तिरप्या उन्हात दाण्याची सावली पडते. ढेकळाचीही पडते, पण ती फाटकी असते. दाण्याची गुळगुळीत."

तिने दिवा तिरपा केला. मग त्याला शेजारी बसवून शेकडो फोटो दाखवले, आणि तो "दाणा", "खडा", "दाणा", "जोड दाणा" असं सांगत गेला. त्या हंगामात शंभरातले अठ्ठ्याण्णव दाणे जागच्या जागी पडले. आधी नव्वद पडले तरी लोक पाठ थोपटत. त्याला बरंही वाटलं आणि आतून कुठेतरी तुटलंही. बायकोला म्हणाला, "मी सहा नळ्या बघतो म्हणायचो. खरं तर मी एका वेळी एकच बघत होतो. बाकीच्या पाच देवाच्या भरवशावर."

त्याला नवं काम मिळालं, कॅमेऱ्यांच्या काचा पुसायचं. शेताच्या टोकाला ट्रॅक्टर वळायला थांबला की यंत्र वर उचललं जायचं; त्याने खाली वाकून सहा काचांवरची धूळ मऊ फडक्याने पुसायची, बाजूला व्हायचं, दादाच्या आरशात दिसेल असं उभं राहून हात वर करायचा. मग ट्रॅक्टर निघायचा. बोलायची गरजच नव्हती.

तिसऱ्या-चौथ्या दिवशीची गोष्ट. तो काचा पुसत असताना केबिनचं दार उघडं होतं, आणि आत पीं-पीं सुरू झालं. पाचवी पट्टी लाल. दादा त्या स्क्रीनपासून हातभर अंतरावर बसून समोर बघत होता. आवाज वाढत गेला, बांधावरच्या बायकांनी वळून पाहिलं, पण दादाच्या मानेची शीरसुद्धा हलली नाही.

त्याच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. तीन रिकाम्या रेघा, ते ठोके, ती हललेली मान, मालकांच्या तोंडाकडे लागलेली ती नजर, सगळं एका क्षणात त्याच्यासमोर आलं.

संध्याकाळी दादा बाहेर गेलेला पाहून तो वर्षानंतर प्रथमच शेजारच्या घरात शिरला. वहिनी डाळ निवडत होत्या.

"वहिनी, दादाला ऐकू येत नाही."

वहिनींनी ताट खाली ठेवलं. "तीन वर्षं झाली, भावजी. हळूहळू कमी होत गेलं, आता डावा कान पार गेला. उजव्याने अगदी जवळ येऊन बोललं तर येतं. ओठ बघून ओळखतात बाकीचं."

"आणि मला कुणी सांगितलं नाही?"

"शपथ घातली होती. कळलं तर ट्रॅक्टरवरून उतरवतील म्हणून." त्यांचा आवाज बारीक झाला. "तुमच्यावर ढकललं ना, त्या दिवशी घरी येऊन जेवले नाहीत. तुमच्या भिंतीकडे तोंड करून बसले होते. मी म्हटलं, जाऊन सांगा त्यांना. म्हणाले, आता कुठल्या तोंडाने जाऊ?"

त्याला राग यायला हवा होता, पण तो शोधूनही सापडेना. सायकल शिकवताना मागे धरून धावणारा एकोणीस वर्षांचा दादाच डोळ्यांसमोर येत होता.

दुसऱ्या दिवशी तो कॅमेरावालीकडे गेला. "ताई, त्या पीं-पींचा एक मोठा भोंगा मागच्या बाजूला लावता येईल का? माझे कान जरा कमी आहेत. मला कळलं तर मी दादाला हात करीन."

"अहो काका, मग आधी सांगायचं नाही का?" ती म्हणाली आणि दुपारपर्यंत भोंगा बसवला.

मग तो हंगामभर शेताच्या कडेकडेने ट्रॅक्टरच्या बरोबरीने चालला. भोंगा वाजला की हात आडवा. दादा आरशात बघायचा आणि थांबायचा. दोघांत अजूनही एक शब्द नव्हता, पण दादाला कळलं होतं की याला कळलं आहे. एकदा टोकाला थांबल्यावर दादाने स्वतःची पाण्याची बाटली खिडकीतून खाली धरली. त्याने घेतली, दोन घोट प्यायला, परत दिली. शेतावर मात्र आता 'मागचा' जाऊन 'बहिरा' आला. हमाल त्याच्या कानाशी येऊन मुद्दाम ओरडायचा. तोही "काय म्हणालास?" करून हसायचा. बायको घरी चिडायची, "चांगले कान असून बहिऱ्याचं सोंग कशाला?" तो म्हणायचा, "एक हंगाम. पुढच्या वर्षी दादा आपणहून थांबणार, वहिनी सांगत होत्या."

हंगाम संपायला पाच दिवस उरले असताना बायकोच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख आली. ती टाळण्यासारखी नव्हती. बिचारी चार महिने थांबली होती. सकाळच्या बसने जायचं, दुसऱ्या दिवशी परत. काचा पुसायचं काम एका दिवसासाठी कॅमेरावालीने स्वतःकडे घेतलं.

बसच्या आधी तो यंत्रशाळेच्या दारापर्यंत गेला होता. तिला सांगायचं असं रात्रीच ठरवलं होतं: ताई, भोंगा माझ्यासाठी नाही, दादासाठी आहे, काचा पुसून झाल्या की त्याच्या आरशात उभ्या राहा, हात करा, आणि त्याशिवाय यंत्राखाली हात घालू नका. ती फोनवर कुणाशी तरी बोलत होती. तिने हातानेच "दोन मिनिटं" अशी खूण केली. तो उभा राहिला. रस्त्यावर बायको पिशवी घेऊन वाट बघत होती, बसचा हॉर्न ऐकू आला. एका दिवसाने काय होतंय, असं त्याच्या मनाने त्याला सांगितलं, आणि तो निघाला.

अकराच्या सुमारास ट्रॅक्टर शेताच्या टोकाला थांबला. यंत्र वर उचललेलं. कॅमेरावालीने चार काचा पुसल्या आणि पाचवीकडे सरकली. दादाने आरशात पाहिलं. कुणी उभं नव्हतं, कुणी दिसतही नव्हतं. ती यंत्राच्या आड गुडघ्यांवर होती. हात करायला आज भाऊ नव्हता; झालं असेल, असं त्याला वाटलं. ती ओरडली, "थांबा! अजून दोन राहिल्यात!" बांधावरच्या बायकाही ओरडल्या. दादाने दांडा ओढला आणि यंत्र खाली आलं. माती चिरणारी पोलादी चकती तिच्या डाव्या हातावर उतरली.

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही गेली.

दुसऱ्या दिवशी डोळ्याला पट्टी बांधलेल्या बायकोला घेऊन तो बसमधून उतरला, तेव्हा बसथांब्यावरच त्याला कळलं. बायकोला घरी पोचवून तो तसाच शेतावर गेला. मालकांच्या ऑफिसात दहा-बारा माणसं होती. दादा खुर्चीत बसला होता, आणि प्रत्येक जण बोलला की त्याची नजर त्याच्या ओठांवर जात होती.

मालक म्हणत होते, "एवढी माणसं ओरडली आणि तुला ऐकू आलं नाही?"

"त्याला ऐकू येत नाही," दारातून मागचा म्हणाला. "तीन-चार वर्षं झाली. मला या हंगामात कळलं. भोंगा मी त्याच्यासाठी मागितला होता, माझे कान ठणठणीत आहेत. मी कुणाला सांगितलं नाही."

हमालाने मान खाली घातली. दादा उठला. बहिरी माणसं बोलतात तसा तो फार मोठ्याने बोलला, बाहेर अंगणापर्यंत ऐकू जाईल इतक्या: "हा झोपला नव्हता! त्या वर्षी हा झोपला नव्हता. याने ठोकलं असणार. मला आलं नाही ऐकू."

हेच शब्द ऐकायला तो वर्षभर तळमळला होता. चार लोकांत, मालकांसमोर, दादाच्या तोंडून. आता ते आले आणि त्याला त्यांचं काहीच करता येईना. तो नुसता म्हणाला, "बस, दादा. बस खाली."

दादाचं काम त्याच दिवशी सुटलं. त्यालाही मालकांनी यंत्रावरून काढून गोदामात घातलं. तक्रार करायला त्याला जागा नव्हती, आणि त्याने केलीही नाही.

आठवड्याने तो दवाखान्यात गेला. कॅमेरावाली पलंगावर टेकून बसली होती. हाताचं मोठं पांढरं गाठोडं उशीवर ठेवलेलं होतं. तिची आई शेजारी बसून सफरचंद कापत होती. त्याला बघून आई सुरी ठेवून बाहेर गेली.

"काका, तुम्हाला ऐकू येतं?" कॅमेरावालीने विचारलं.

"येतं."

"मग त्या दिवशी सकाळी तुम्ही दारात हेच सांगायला आला होतात?"

"हो."

"दोन मिनिटं थांबला असतात तर."

"हो, ताई."

तिने हाताचं गाठोडं उशीवर नीट सरकवलं. मग म्हणाली, "तुम्हाला माहीत आहे, मला आधी कळलं असतं तर मी काय केलं असतं? त्यांच्या खुर्चीखाली एक थरथरणारी पट्टी बसवली असती. ओळ चुकली की खुर्ची थरथरते. आणि मागे कुणी वाकलेलं असेल तर यंत्र खाली येऊच नये, असा मागच्या बाजूला एक जास्तीचा कॅमेरा. दोन दिवसांचं काम होतं. तुमचे भाऊ अजून पाच वर्षं ट्रॅक्टर चालवू शकले असते."

हे त्याच्या कधी मनातच आलं नव्हतं. कान गेला की ट्रॅक्टर गेला, एवढंच दोघा भावांना ठाऊक होतं. त्यापायी एकाने भावाला खोटं ठरवलं आणि दुसऱ्याने स्वतःला बहिरं ठरवलं. आणि तोड होती ती दोन दिवसांची. त्याने हात जोडले, पण माफी मागायला तोंड उघडेना. ती म्हणाली, "आता जा, काका. मला दुखतंय."

दादा त्यानंतर दोन वर्षं जगला. भावांचं बोलणं सुरू झालं, म्हणजे मागचा त्याच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन बोलायचा आणि दादा अर्धं ऐकून अर्धं ओळखायचा. दादा रोज एकच विचारायचा, "त्या मुलीचा हात कसा आहे?" तो सांगायचा, "बरा आहे." दादाला ते ऐकू आलं की नाही, हे कळायचं नाही, कारण दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न. शेवटच्या आजारात वहिनी म्हणाल्या, "भावजी, यांना एकदा तिच्याकडे नेऊन आणता का?" तो हो म्हणाला होता. पण तोवर दादाला पायऱ्या उतरवेनाशा झाल्या, आणि तिला घरी या म्हणायचा धीर त्याला झाला नाही.

कॅमेरावालीने काम सोडलं नाही. पुढच्या हंगामात यंत्रावर मागचा जास्तीचा कॅमेरा आला, खुर्चीखाली पट्टी आली, नवा ड्रायव्हर आला. शेतात नांगा औषधालाही सापडेनासा झाला. लांबून लोक पेरणी बघायला यायचे आणि ती त्यांना सगळं समजावून सांगायची, डावा हात जॅकेटच्या खिशात ठेवून.

कधी कधी ती गोदामात यायची. बियाण्याची पोती रचलेली असत, त्यांवरच एका बाजूला ती लॅपटॉप उघडायची. यंत्राला न उलगडलेले फोटो ती त्याच्यासाठी बाजूला काढून ठेवायची. झाल्या गोष्टीबद्दल ती कधी चकार शब्द काढत नसे. ती रागावून बोलली असती तर बरं, असं त्याला पुष्कळदा वाटायचं.

"हा बघा," ती म्हणायची. "मला दाणा वाटतोय."

तो चष्मा लावून जवळ जायचा. "नाही ताई. खडा आहे. सावली फाटकी आहे बघा."

"आणि हा?"

"हा दाणा. पण फुटका. उगवायचा नाही."

ती तसं टिपून घ्यायची. एका हाताने लॅपटॉप मिटायची, बॅगेत सरकवायची, आणि उजव्या हाताने बॅग धरून डाव्याच्या उरलेल्या तीन बोटांनी तिची चेन पकडायला जायची. चेन निसटायची. पुन्हा पकडायची, पुन्हा निसटायची. एकदा न राहवून त्याने हात पुढे केला.

"असू द्या, काका," ती म्हणाली. "येतं मला."

तो हात मागे घेऊन उभा राहिला, तिची चेन लागेपर्यंत.